औषधाला पुरून उरणारा थर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या पत्रांत लघवीच्या नळीपासून द्राक्षबागेतल्या ठिबकपर्यंत नाना विषय आहेत, पण मुळाशी गोष्ट एकच आहे. जंतू एकेकटे न राहता एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट लगदा तयार करतात आणि त्यात वस्ती करून राहतात. या वस्तीला बायोफिल्म म्हणतात; पाठ्यपुस्तकांत जैवपटल. रामकुंडाच्या पाण्याखालच्या पायरीवर पाय सरकतो तो अशाच थरावरून, फक्त तिथे शेवाळही सोबतीला असते. चार दिवस न घासलेल्या माठाला आतून हात लावला की बोटांना बुळबुळीत लागते तेही हेच. माठ नुसता विसळून हा थर जात नाही, काथ्याने घासावाच लागतो. पुढची उत्तरे वाचताना तो माठ डोळ्यांसमोर असू द्या.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७४) प्रोस्टेटच्या त्रासामुळे चार महिन्यांपासून लघवीची नळी आहे. दर तीन-चार आठवड्यांनी थंडी वाजून ताप येतो. कल्चरमध्ये जंतू निघतो, दिलेल्या औषधापुढे ‘एस’ म्हणजे ‘लागू पडते’ असे लिहिलेले असते, दोन दिवसांत ताप उतरतो. कोर्स संपला की काही दिवसांनी पुन्हा तेच. औषध बनावट असेल, की जंतू बदलतो? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : औषध खरे आणि जंतू तोच, अशीच शक्यता जास्त आहे. घोळ होतो तो ‘एस’ या अक्षराचा अर्थ लावताना.

नमुना दिल्यावर लॅब काय करते ते बघा. प्लेटवर उगवलेले जंतू उचलून सलाईनमध्ये मिसळतात, त्या मिश्रणाचा गढूळपणा मिलिलिटरला साधारण १० ते १५ कोटी जंतू इतका करतात, ते जंतू वाढवायच्या म्युलर-हिंटन अगरच्या थाळीवर पसरतात, वर औषधांच्या चकत्या ठेवतात आणि ३५ अंशांना १६ ते १८ तास ठेवून चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ मोजतात. म्हणजे परीक्षा होते ती मोकळ्या, पोटभर खायला मिळालेल्या, जोमाने वाढणाऱ्या जंतूंची. वडिलांच्या नळीला चिकटलेले जंतू त्या परीक्षेला बसलेलेच नसतात.

काढलेली जुनी नळी उभी चिरली तर आतल्या भिंतीला ओल्या साबणासारखा थर दिसतो. नखाने ओढला तर सरकतो, पाण्याची धार सोडली तरी हलत नाही. त्या लगद्यात साखरेच्या लांब साखळ्या असतात, प्रथिने असतात आणि मेलेल्या जंतूंतून बाहेर पडलेला डीएनएही असतो. वस्ती अशी असली की औषधापुढे अडचणी एकामागून एक उभ्या राहतात.

पहिली अडचण सगळ्यांना सुचते : औषध आत शिरतच नसेल. हे अर्धेच खरे आहे. लगद्याचा बहुतांश भाग पाणीच असतो, थर मिलिमीटरच्या अंशाइतका पातळ असतो आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे औषध त्यातून सहज आरपार जाते. जेंटामायसिन, अमिकासिन या औषधांवर धन भार असतो. ती लगद्यातल्या ऋण भाराच्या डीएनएला आणि साखळ्यांना चिकटून वाटेतच रेंगाळतात. पेनिसिलिनच्या कुळातली काही औषधे वरच्या जंतूंनी सोडलेली बीटा-लॅक्टमेज विकरे (एन्झाइम) वाटेतच मोडून टाकतात. क्लेब्सिएल्ला जंतूवरच्या २००० सालच्या एका प्रयोगात हे छान दिसले. विकर बनवणाऱ्या जंतूंच्या थरातून अँपिसिलिन पार गेलेच नाही. विकर न बनवणाऱ्या जंतूंच्या थरातून ते पार गेले, आणि तरीही आतले जंतू मेले नाहीत. तेव्हा नुसती भिंत एवढेच उत्तर पुरत नाही.

खरी मेख जंतूंच्या सुस्तीत आहे. वरचे जंतू प्राणवायू आणि अन्न संपवतात, खालपर्यंत फारसे पोचत नाही, आणि खालच्यांची वाढ जवळजवळ थांबते. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन ही औषधे जंतू नवी भिंत बांधत असताना घाव घालतात. बांधकामच बंद असेल तर घाव कशावर घालणार? अमिकासिनला पेशीत शिरायला जंतूचा श्वसनव्यवहार चालू लागतो, तोही खाली मंदावलेला असतो. त्यातही मोजक्या पेशी जवळजवळ पूर्ण निपचित पडलेल्या असतात. त्यांना पर्सिस्टर म्हणतात. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये पेनिसिलिन आणि स्टॅफिलोकोकसच्या प्रयोगांत दाखवले की दहा लाखांत एखादी पेशी तगून राहते, आणि तिची पुढची पिढी पुन्हा पेनिसिलिनला पहिल्याइतकीच बळी पडते. म्हणजे ती रोधक (औषध लागूच न पडणारी) झालेली नव्हती, फक्त निपचित होती.

तुमच्या घरी घडते ते असे. थरातून सुटलेले जंतू मूत्राशयात येतात, तिथून रक्ताकडे, आणि ताप येतो. औषध या सुट्या जंतूंना मारते, म्हणून ताप उतरतो. रिपोर्टमधला ‘एस’ इथपर्यंत खराच ठरतो. नळीवरचा थर मात्र तसाच राहतो आणि औषध थांबले की नवी तुकडी सोडतो.

म्हणून नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, ताप आला असेल आणि नळीची गरज अजून असेल, तर आधी नळी बदलायची, नव्या नळीतून कल्चरचा नमुना घ्यायचा आणि मग औषध सुरू करायचे. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा : “नळी बदलून नमुना घेऊ या का?” जुन्या नळीतून घेतलेल्या नमुन्यात नळीवरचे रहिवासी येतात, मूत्राशयात त्रास देणारा कोण ते नीट कळत नाही. पिशवीतून तर नमुना कधीच देऊ नका. नळीवरच्या नमुना-तोंडाच्या खाली १५-२० मिनिटे चिमटा लावायचा, तोंड स्पिरिटने पुसून वाळू द्यायचे, सिरिंजने लघवी ओढायची आणि तासा-दोन तासांत लॅबला द्यायची. जमत नसेल तर फ्रीजमध्ये, तेही एक दिवसापुरतेच. औषधाला चांगला प्रतिसाद असेल तर कोर्स साधारण ७ दिवसांचा असतो, उशिरा उतार पडला तर १० ते १४.

आणखी एक, आणि हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो. ताप नाही, कंबरेत किंवा ओटीपोटात दुखत नाही, भान नीट आहे, पण लघवी गढूळ दिसते किंवा वास येतो, एवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करू नका. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू येण्याचा धोका रोज ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो. महिना झाला की बहुतेकांत ते असतातच. त्यांना औषध देऊन ते जात नाहीत, फक्त पुढच्या खेपेला जास्त चिवट जंतू उरतात. मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर असे औषध देतात, तो भाग वेगळा.

घरी पाळायचे ते साधे आहे. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, रिक्षात बसतानाही मांडीवर घ्यायची नाही. ती जमिनीला टेकवायची नाही. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची, आधी आणि नंतर साबणाने हात धुऊन. नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण उघडायचा नाही. तिथूनच बाहेरचे जंतू शिरतात. नळी मांडीला पट्टीने बांधलेली असू द्या, ओढ बसली की आतली त्वचा सोलते. काढलेल्या नळीच्या टोकाला रेतीसारखे खरखरीत कण दिसले तर ते डॉक्टरांना दाखवा. प्रोटियस नावाचा जंतू युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि त्यातले क्षार थरावर खडे होऊन बसतात. अशी नळी अचानक तुंबते. पिशवी रिकामी, ओटीपोट फुगलेले आणि नळीच्या बाजूने गळती असे दिसले तर सकाळपर्यंत थांबू नका.

प्रश्न : मग डोस दुप्पट-तिप्पट केला तर थर मरणार नाही का? – औषध दुकानदार, पंचवटी

उत्तर : दुप्पट-तिप्पट पुरत नाही, अडचण तीच आहे. थरातल्या जंतूंना मारायला लागणारी मात्रा मोकळ्या जंतूंच्या तुलनेत शंभर ते हजार पटींपर्यंत जाऊ शकते. अमिकासिनची मात्रा थोडी जास्त झाली तरी मूत्रपिंड आणि कान धोक्यात येतात; शंभर पटींचा विचारही करता येत नाही.

जिथे औषध रक्तात न सोडता जागच्या जागी ठेवता येते तिथे मात्र ही युक्ती चालते. डायलिसिसच्या किंवा केमोच्या शिरेतल्या नळीत व्हँकोमायसिनचे तीव्र द्रावण, मिलिलिटरला काही मिलिग्रॅम, नळी भरेल इतकेच घालून काही तास कोंडून ठेवतात. रक्तातल्या नेहमीच्या पातळीपेक्षा हे शेकडो पट असते, पण शरीरात जात नाही. हे काम रुग्णालयाचे आहे.

तुमच्या काउंटरवर याच्या उलट गोष्ट जास्त घडते : गिऱ्हाईक दोनच गोळ्या मागते. कमी मात्रा थराला मारत तर नाहीच. स्यूडोमोनाससारख्या जंतूंत टोब्रामायसिनची अपुरी मात्रा थर वाढवते असे २००५ मध्ये दाखवले गेले आहे. दोन गोळ्या सुट्या देऊ नका.

प्रश्न : आईच्या गुडघ्याचा सांधा बदलला. तीन आठवड्यांनी जखमेतून पाणी येऊ लागले, पुन्हा उघडून धुतले. आता औषधांत रिफॅम्पिसिन आहे. ते टीबीचे औषध ना? आईला टीबी झाला आहे आणि आम्हाला सांगत नाहीत का? – गंगापूर रोड

उत्तर : रिफॅम्पिसिन टीबीसाठी वापरतात हे खरे, पण इथे ते दुसऱ्या कामाला आले आहे. स्टॅफिलोकोकसचा थर धातूवर किंवा प्लास्टिकवर बसला असेल तर त्यात शिरून मंदावलेल्या जंतूंनाही मारणारी औषधे मोजकी आहेत, त्यांत हे पुढे आहे. ते जंतूच्या आरएनए बनवण्याच्या यंत्रणेवर घाव घालते आणि ही यंत्रणा सुस्त जंतूतही थोडीफार चालूच असते.

ते एकटे कधीच देत नाहीत. एका जनुकात एक बदल झाला की जंतू रिफॅम्पिसिनला रोधक होतो, आणि असा बदल झालेले जंतू मोठ्या संख्येत आधीपासून असतातच. म्हणून आधी शस्त्रक्रियेत थर खरवडून आणि सांधा भरपूर सलाईनने धुऊन संख्या कमी करायची, सांध्यातला बदलता येणारा प्लास्टिकचा भाग बदलायचा, जखम कोरडी झाल्यावर रिफॅम्पिसिन जोडीला द्यायचे. जोडीदार बहुधा लेव्होफ्लॉक्सॅसिन असतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. खरवडण्याआधी रिफॅम्पिसिन दिले तर एक चांगले हत्यार बोथट होते. सांधा जागेवर ठेवून हा उपचार शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात, किंवा लक्षणे सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, सर्वांत चांगला साधतो. थर जुना झाला की बहुधा सांधा काढावाच लागतो. मग औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात आणि नवा सांधा नंतर, दुसऱ्या शस्त्रक्रियेत.

परकी वस्तू एवढा फरक का पाडते? १९५७ च्या एका प्रयोगात माणसाच्या त्वचेत पू व्हायला लाखो स्टॅफिलोकोकस टोचावे लागले; तिथे रेशमी टाक्याचा धागा असला की काही शे जंतू पुरले. सांधा म्हणजे तो धागा हजारपट मोठा केलेला.

औषध गुडघ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत चालू शकते. रोज उपाशीपोटी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात. त्याला घाबरू नका. डोळे पिवळे झाले, भूक गेली, उलट्या सुरू झाल्या तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा, कारण यकृतावर ताण येऊ शकतो. आईला रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील तर रिफॅम्पिसिनमुळे त्यांचा असर कमी होतो. ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि जंतू स्टॅफिलोकोकसच आहे ना, हे विचारा. ई. कोलायसारख्या जंतूच्या थरावर रिफॅम्पिसिनचा असा फायदा नाही.

प्रश्न : महागडा माउथवॉश वापरतो, तरी हिरड्यांतून रक्त येते. – सिडको

उत्तर : दातावरचा पिवळट लेप हाच माणसाने पाहिलेला पहिला बायोफिल्म. डच कापड व्यापारी लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये आपल्या दातांवरचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातल्या हलत्या जिवांचे वर्णन लिहून पाठवले. पुढे त्यांनी हेही नोंदवले की व्हिनेगरने दात धुतले तर लेपाच्या बाहेरचे जीव मरतात, आतले नाहीत. तुमच्या माउथवॉशचेही तेच होते आहे.

आधी दंतवैद्याकडून दातांची सफाई करून घ्या, कारण लेपात क्षार बसून दगड झाला असेल तर ब्रशने तो निघत नाही. मग दोन वेळा दोन-दोन मिनिटे मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून. दातांच्या फटीत दोरा किंवा बारीक ब्रश. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के दिले असेल तर १० मिलि, अर्धा ते एक मिनिट, सांगितले तितकेच दिवस. पेस्टमधला फेस आणणारा घटक त्याला निकामी करतो, म्हणून ब्रश केल्यावर अर्धा तास जाऊ द्या. महिनोन् महिने वापरले की दात तपकिरी होतात.

प्रश्न : द्राक्षबागेच्या ठिबकचे ड्रिपर दर महिन्याला तुंबतात. लॅटरलचे (ड्रिपर बसवलेल्या नळीचे) टोक उघडले की तपकिरी शेंबडासारखा लगदा येतो. पाणी शेततळ्याचे आहे, जीवामृतही ठिबकमधूनच सोडतो. एकाने सांगितले, जंतूच आहेत तर स्ट्रेप्टोसायक्लिन सोडा. सोडू का? – बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : अजिबात सोडू नका. ते अँटिबायोटिक आहे. वर सांगितले तसे थरातले जंतू त्याला पुरून उरतील, आणि जमिनीतल्या जंतूंना मात्र रोधक होण्याची तालीम मिळेल. नळीच्या बाबतीत तुमची स्थिती रुग्णालयापेक्षा बरी आहे : शरीरात वापरता येत नाही असा क्लोरीन तुम्हाला वापरता येतो, आणि धुऊन काढायला पाण्याचा जोर हाताशी आहे.

आधी जोर. चार-पाच लॅटरलची टोके एका वेळी उघडा, सगळी एकदम नाही. नाहीतर दाब वाटला जातो आणि लगदा हलत नाही. १६ मिमीच्या नळीच्या टोकाला बादली लावून मोजा : मिनिटाला चार ते पाच लिटर पाणी यायला हवे. तेव्हा आत सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेग असतो आणि थराचे लोंबते पापुद्रे सुटतात. धार स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवा. सबमेनही (लॅटरलना पाणी देणारी नळीही) फ्लश करा. तिला बरेच जण विसरतात.

मग क्लोरीन. समजा एकराला तासाला ८,००० लिटर पाणी जाते आणि २० पीपीएम (लिटरला २० मिलिग्रॅम) क्लोरीन हवा. ८,००० × २० मिलिग्रॅम म्हणजे तासाला १६० ग्रॅम क्लोरीन. दहा टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये लिटरला साधारण १०० ग्रॅम असतो, म्हणजे व्हेंच्युरीतून (द्रावण नळीत ओढून घेणाऱ्या जोडणीतून) तासाला १.६ लिटर. कॅन उन्हात पडलेला जुना असेल तर तो दहा टक्के राहिलेला नसतो. सर्वांत लांबच्या ड्रिपरखाली क्लोरीनची पट्टी धरा. तिथे १ ते २ पीपीएम तरी दिसले पाहिजे. काहीच दिसले नाही तर सगळा क्लोरीन वाटेतल्या लगद्यानेच खाल्ला असे समजा. थराच्या वरच्या जंतूंशी तो भिडतो आणि तिथेच संपतो, खाली पोचत नाही. म्हणूनच आधी फ्लश करायला सांगितले. टोकापर्यंत पोचला की पंप बंद करा, पाणी नळ्यांत रात्रभर ते २४ तास राहू द्या, मग पुन्हा टोके उघडून फ्लश करा. निघालेले पाणी वेलीच्या मुळाशी सोडू नका.

ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण तिच्यातला चुना खाली बसतो. वापरायचीच तर वेगळ्या टाकीत निवळू द्या आणि वरचे नितळ पाणीच घ्या. पाण्याचा सामू (पीएच) साडेसातच्या वर असेल तर क्लोरीनचा जोर कमी पडतो. युरिया किंवा अमोनियाची खते त्याच दिवशी त्याच नळीतून नकोत. क्लोरीन त्यांच्यातच अडकतो.

ड्रिपरवर पांढरी खरपुडी दिसत असेल तर तो क्षार आहे, त्याला आम्ल लागते. दहा लिटर पाण्यात मोजून थोडे थोडे आम्ल घालून पट्टीवर सामू ४ येईपर्यंत बघा आणि त्या हिशेबाने एकराला लागणारे काढा. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. दोन्ही त्रास असतील तर आम्ल आधी, नळ्या पूर्ण फ्लश करून दुसऱ्या दिवशी क्लोरीन. आम्ल आणि क्लोरीन एकत्र कधीही नको, एकाच बादलीत किंवा मापातही नको. विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि पंपघरासारख्या बंद जागेत तो जीव घेतो.

जीवामृताबद्दल : त्यात गूळ आणि बेसन आहे, म्हणजे थराला आयते जेवण. सोडायचेच असेल तर कापडाने दोनदा गाळा, ठिबकच्या वेळेच्या मध्यात सोडा आणि नंतर किमान अर्धा तास साधे पाणी चालवा. बरे म्हणजे वेलीला हाताने घाला. फ्लश आणि क्लोरीन एप्रिलच्या खरड छाटणीआधी आणि ऑक्टोबरच्या छाटणीआधी एकेकदा कराच; शेततळ्याचे पाणी हिरवे असेल तर फ्लश दर पंधरवड्याला.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. तळपायाची जखम तीन महिने भरत नाही. रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतो. दोनदा स्वॅब दिला, दोन्ही वेळा वेगळा जंतू आला. – सिन्नर

उत्तर : वरवर फिरवलेल्या कापसाच्या बोळ्याला पृष्ठभागावरचे पाहुणे मिळतात. नमुना घ्यायचा तर जखम साफ करून, मेलेले मांस काढून, तळातला ऊतीचा तुकडा घ्यावा लागतो. तसे सांगून करून घ्या.

पेरॉक्साइडचा फेस समाधान देतो, पण थर फारसा निघत नाही आणि नव्याने येणारी नाजूक त्वचा भाजते. बंद करा. सलाईन किंवा उकळून गार केलेले पाणी पुरे. खरे काम शल्यचिकित्सकाच्या हातचे आहे : मेलेला, चिकट भाग धारदार हत्याराने काढणे. थर एक ते तीन दिवसांत पुन्हा बसू लागतो, म्हणून एकदा करून भागत नाही; जखमेप्रमाणे पुन्हा पुन्हा करावे लागते आणि जंतुनाशक ड्रेसिंग त्या पहिल्या दिवसांतच कामाला येते. पायातला रक्तपुरवठा तपासून घेतल्याशिवाय मात्र खरवडणे नको. आणि त्या जागेवर भार पडू देऊ नका. भार हटला नाही तर बाकी सगळे वाया जाते. भार हटवणारा बूट किंवा प्लास्टर विचारा. लाली, सूज, ऊब, पू, ताप यांतले काही नसेल तर अँटिबायोटिकने जखम लवकर भरत नाही. डॉक्टरांनी जखमेत घातलेली तपासणीची सळई तळाशी हाडाला टेकत असेल तर प्रकरण हाडापर्यंत गेले असण्याची शक्यता मोठी. उशीर करू नका.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या बायोफिल्मवर व्हँकोमायसिनचा परिणाम क्रिस्टल व्हायोलेट या रंगाने मोजते. प्लेटच्या औषध दिलेल्या कप्प्यांत रंग कमी होत नाही, काहींत वाढतोच. शिवाय एकाच नमुन्याचे तीन आकडे जुळत नाहीत. – कॉलेज रोड

उत्तर : क्रिस्टल व्हायोलेट जिवंत पेशी, मेलेल्या पेशी आणि लगदा सगळ्यांनाच रंगवतो. औषधाने ९९ टक्के पेशी मेल्या तरी त्या जागेवरच चिकटून असतील तर रंग तेवढाच दिसणार. ही पद्धत थर किती बसला ते सांगते, कोण जिवंत आहे ते सांगत नाही. कमी मात्रेच्या कप्प्यांत रंग वाढणे खोटे नसावे. अपुऱ्या मात्रेने थर वाढू शकतो हे वर आलेच आहे.

आकडे न जुळण्याचे कारण बहुधा धुण्यात आहे. रात्रभर वाढवलेले कल्चर १ टक्का ग्लुकोज घातलेल्या ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये १:१०० करा, सपाट तळाच्या पॉलिस्टायरीन प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर, ३७ अंशांना २४ तास, न हलवता. कडेचे कप्पे नमुन्याला वापरू नका, त्यांत नुसते पाणी भरा. तिथले माध्यम आधी सुकते. ब्रॉथ प्लेट उलटी करून टाका. बफर कप्प्याच्या भिंतीवरून सोडा, तळावर धार मारू नका, आणि तीनदा धुवा. टिपकागदावर उलटी ठेवून वाळवा, मिथेनॉल १५ मिनिटे, ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट १५ मिनिटे, पाणी बिनरंगी येईपर्यंत धुणे, पूर्ण वाळवणे, मग ३३ टक्के अॅसिटिक आम्लात रंग विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन. ओलसर प्लेटवर आम्ल घातले तर ते पातळ होते आणि आकडे डगमगतात. वाचन २ च्या वर गेले तर विरल करून पुन्हा वाचा. नकारात्मक (जंतू न घातलेल्या) कप्प्यांची सरासरी अधिक प्रमाण विचलनाची तिप्पट ही सीमा धरा. दुपटीपर्यंत दुर्बल, दुप्पट ते चौपट मध्यम, त्यापुढे प्रबळ. प्रत्येक नमुना किमान तीन कप्प्यांत आणि तीन वेगळ्या दिवशी.

औषधाच्या परिणामासाठी वेगळी प्लेट लावा. २४ तासांचा थर धुऊन त्यावर औषधासह ताजे माध्यम घाला, आणखी २४ तास ठेवा. मग औषध जाण्यासाठी दोनदा धुणे. हे राहिले तर औषध प्लेटवर बरोबर जाते आणि वसाहती खोट्या कमी दिसतात. सॉनिकेटरच्या बाथमध्ये ५-१० मिनिटे ठेवा किंवा पिपेटच्या टिपने तळ खरवडा, दहापटीने विरल करा, १० मायक्रोलिटरचे थेंब टाका आणि वसाहती मोजा. विरल न केलेल्या थेंबात एक वसाहत म्हणजे मिलिलिटरला १००. याखाली तुमची पद्धत काही पाहू शकत नाही, तेव्हा ‘शून्य’ लिहू नका, ‘१०० पेक्षा कमी’ लिहा.

शेवटी वाचलेल्या वसाहतींपैकी चार-पाच उचलून साध्या ब्रॉथमध्ये वाढवा आणि त्यांची व्हँकोमायसिनची किमान रोधक मात्रा (वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) मूळ जंतूच्या शेजारी त्याच दिवशी काढा. मात्रा तेवढीच आली तर ती सहनशीलता, वाढली तर रोधकता. हे तपासल्याशिवाय प्रबंधात ‘रोधक बायोफिल्म’ असे लिहू नका.